गुंगुं करतं, पण फिरत नाही

श्रोतेहो, नमस्कार. चवथ जवळ आली की गोव्यातली बंद घरं उघडतात. कोणी बोटीवरून येतं, कोणी मुंबईहून, कोणी आखातातून. घर झाडलं जातं, गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीची तयारी सुरू होते, आणि दुसऱ्या दिवशी कपड्यांचा ढीग वॉशिंग मशीनसमोर येऊन पडतो. मशीन दोन-दोन पावसाळे बंद असतं. प्लग लावला की एक तर ते गप्प राहतं, नाही तर गुंगुं करतं आणि फिरत नाही. आज बोलायचंय ते मुख्यतः या गुंगुं करण्याबद्दल, आणि तेही दोन टबांच्या सेमी ऑटोमॅटिकबद्दल. आपल्या दमट हवेत, विहिरीच्या पाण्यावर आणि गावातल्या कमी-जास्त व्होल्टेजवर हेच मशीन टिकतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढून दार उघडणाऱ्या मशीनचं कौतुक शेजाऱ्यांना दाखवायला ठीक.

पहिली गोष्ट, प्लग लावायची घाई नको. मशीन भिंतीपासून ओढा, मागचं झाकण स्क्रू काढून उघडा आणि बॅटरी मारून आत बघा. उंदराने वायर कुरतडली आहे का? पालीची अंडी, मुंग्यांची माती? रबरी पट्टा तडकला आहे का? ओल दिसली तर मागची बाजू उघडी ठेवून दोन दिवस टेबलफॅन लावा. शक्य असेल तर इलेक्ट्रिशियनकडून मेगर, म्हणजे वीज पत्र्यात झिरपते का ते मोजणारं यंत्र, लावून घ्या. मोटर आणि पत्रा यांच्यात १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर वीज द्यायची नाही. आणि तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटात घालणारे महाभाग अजून आहेत. पाण्याच्या यंत्राला अर्थिंग नाही म्हणजे काय, हे त्यांना पहिला झटका बसल्यावर कळतं.

दुसरी गोष्ट, आणि ही तीनदा सांगणार आहे: मोटरवरचं चाक हाताने फिरवून बघा. वीज देण्याआधी हाताने फिरवून बघा.

आता मांद्रेतल्या एका घरची हकीकत ऐका. घरधनी बोटीवर, बायको-मुलं वास्कोला, घर दोन वर्षं बंद. समुद्र एवढा जवळ की खिडकीचे गजसुद्धा खारट लागावेत. चवथीच्या आधी वहिनींनी मशीन सुरू केलं. धुण्याचा टब व्यवस्थित चालला. कपडे पिळायच्या टबात टाकले, झाकण लावलं, बटण फिरवलं, तर नुसतं गुंगुं. मेकॅनिक आला. दारातूनच आवाज ऐकून म्हणाला, "कपॅसिटर गेला." म्हणजे मोटरला फिरायला रेटा देणारा तो छोटा डबा. नवा घातला. पुन्हा गुंगुं.

"अहो, नवा घातलात तरी तोच आवाज!"

"मग वहिनी, मोटरच गेली. संध्याकाळी काढून नेतो, वाइंडिंग करावं लागेल."

दुपारी शेजारचे काका नारळ द्यायला आले. यांचा जन्म विहिरींचे पंप दुरुस्त करण्यात गेलेला. बंद पडून राहिलेला पंप दिसला की आधी पंखा हाताने फिरवायचा, ही त्यांची सवय. त्यांनी प्लग काढायला लावला, मागे वाकून मोटर आणि टबाचा दांडा जोडणारं गोल चाक हाताने फिरवून पाहिलं. हलेना. म्हणाले, "वहिनी, पिळायच्या टबाचं झाकण उघडा." उघडलं. चाक घट्ट. "आता लावा." लावलं. चाक तरीही घट्ट. "मोटर कसली गेली! हिचा ब्रेक सुटत नाहीये."

श्रोतेहो, इथेच सगळी गंमत आहे. या मशीनचं झाकण उघडलं की फिरणारा टब थांबावा म्हणून त्या चाकाला ब्रेक लागतो. झाकण लावलं की एक तार ओढली जाते आणि ब्रेक सुटतो. म्हणजे झाकण उघडं असताना चाक घट्ट असलंच पाहिजे, आणि झाकण लावल्यावर ते मोकळं झालंच पाहिजे. पुन्हा सांगतो: झाकण उघडं, चाक घट्ट, झाकण बंद, चाक मोकळं. मांद्रेच्या खाऱ्या हवेत ती तार प्लास्टिकच्या नळीतच गंजून अडकली होती. झाकण लागत होतं, तार ओढली जात नव्हती, आणि मोटर बिचारी लागलेल्या ब्रेकशी झगडत गुंगुं करत होती.

काकांनी नवी तार आणायला सांगितली. तार बसवली, ब्रेकच्या खिळीवरचा गंज पॉलिशपेपरने घासला, खिळीला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडला. ब्रेकच्या पट्टीला मात्र तेल लागू दिलं नाही, कारण ती बुळबुळीत झाली तर झाकण उघडल्यावर टब थांबत नाही आणि घाईघाईत आत गेलेला हात पिळला जातो. तार एवढी ताणली की झाकण लावल्यावर पट्टी चाकाला कुठेच घासू नये. प्लग लावला, टब भर्रकन फिरला. वहिनींनी विचारलं, "मग तो नवा कपॅसिटर?" काका म्हणाले, "असू दे, तो काय वाईट नाही."

जाता जाता एक. अशा वेळी स्वयंपाकघरातली खोबरेलाची बाटली घेऊन कोणी धावू नका. खोबरेल कालांतराने चिकट होतं आणि गोंदासारखं बसतं. केसांना लावा, माशाच्या हुमणात घाला, मशीनला नको.

कपॅसिटर खरंच जातो, नाही असं नाही. चाक हाताने मोकळं फिरतं आणि वीज दिल्यावर मात्र गुंगुं, तर संशय त्याच्यावर. फुगलेला किंवा तडकलेला असेल तर बदला. प्लग काढलेला असला तरी त्यात वीज साठलेली असते, म्हणून होल्डरमधल्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना लावून आधी ती उतरवा. नवा घेताना जुन्यावर छापलेलाच आकडा घ्या. बऱ्याच मशीनांत धुण्याच्या मोटरला १० आणि पिळण्याच्या मोटरला ५ किंवा ६ मायक्रोफॅरड असतो, ४४० व्होल्टचा. गुंगुं सुरू झालं की दोन-तीन सेकंदांत बंद करा. अडकलेली मोटर तापते, आतलं संरक्षण तिला बंद करतं, आणि तासाभराने गार झाल्यावर ती पुन्हा गुंगुं करायला तयार.

झाकण लावूनही आवाजच नाही, अगदी शुकशुकाट, तर बऱ्याचदा झाकणाखालच्या स्विचचे संपर्क बुरसटलेले असतात.

सगळं ठीक वाटलं तरी पहिली फेरी कपड्यांशिवाय. टबात फक्त पाणी, पाच मिनिटं, आणि खाली वाकून गळती बघा. पिळायच्या टबाखालचं रबर कडक झालं असेल तर पाणी सरळ खालच्या मोटरवर टपकतं. ते रबर स्वस्त, मोटर महाग. पाणी धुण्याच्या टबात थांबत नसेल तर ड्रेनच्या रबरात खडा, नाणं किंवा केसांची पिन अडकलेली असते. नंतर रिकामा टब पिळायला लावा, आणि त्याआधी, तिसऱ्यांदा सांगतो, प्लग काढून, झाकण लावून चाक हाताने फिरवून बघा.

चवथ आटोपून घर पुन्हा बंद कराल तेव्हा ड्रेनचा पाइप जमिनीवर टाकून आतलं पाणी पूर्ण काढा, दोन्ही झाकणं उघडी ठेवा आणि वर प्लास्टिक गुंडाळू नका. जुनी सुती चादर टाका. नमस्कार.