पहिलंच बरं हुतं

(पडद्यावर: कोल्हापुरातल्या व्हीनस कॉर्नरची सकाळ. एका गाळ्याचं अर्धं उघडलेलं शटर. आत संगणकाचा पंखा घरघरतोय.)

लग्नसराईत या गाळ्यात दिवसातून चार वेळा तरी एक वाक्य ऐकू येतं. गिऱ्हाईक स्टुलावर बसलेलं असतं, पडद्यावर पत्रिकेचं सहावं प्रूफ असतं. मान वाकडी करून ते म्हणतं, "मामा, पहिलंच बरं हुतं बघा."

मामा म्हणजे गाळ्याचे मालक. पंचवीस वर्षं डीटीपी करतायत, म्हणजे छपाईचा मजकूर संगणकावर मांडून देतात. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, तालमीचे डिजिटल बोर्ड. पहिलं बरं होतं हे त्यांनाही मान्य असतं. पण ते पहिलं आता आहे कुठं?

मागच्या वैशाखातली गोष्ट. एक पत्रिका आली. वर 'श्री जोतिबा प्रसन्न', खाली निमंत्रकांची बेचाळीस नावं. कोल्हापुरात पत्रिकेतल्या नावांचा क्रम लावण्यापेक्षा शेताची वाटणी सोपी. तिसऱ्या प्रुफाला भावकीत बिनसलं. वरबापाचा फोन आला, त्या घरची सगळी नावं काढा. मामांनी अकरा नावं काढली, खालची वर सरकवली आणि सेव्ह केलं. दोन दिवसांनी समेट झाला. नावं परत घाला म्हणाले, आणि होती त्याच क्रमानं. क्रम चुकला असता तर पुन्हा पहिल्यापासून सगळं.

(पडद्यावर: माऊसवर थबकलेला हात.)

सेव्ह म्हणजे जुन्या नावाखाली नवा मजकूर. जुना जातो. काही प्रोग्रॅम मात्र एक पाऊल मागचं राखून ठेवतात. मामा ज्यात पत्रिका करतात तो कोरलड्रॉ सेव्ह करताना शेजारी 'बॅकअप ऑफ' असं नाव लावून जादा फाइल करून ठेवतो. उद्यमनगरातल्या कारखान्यांत ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅमवर बसणाऱ्या पोरांना याचा भाऊबंद माहीत असतो: नावाच्या शेवटी बीएके असलेली फाइल. ते बीएके खोडून डीडब्ल्यूजी लिहिलं की आदल्या सेव्हचं ड्रॉइंग उघडतं.

पण पाऊल एकच. नावं काढल्यावर मामांनी मुहूर्ताची वेळ सुधारली, कोपऱ्यातली वेल बदलली, आणि दोन्ही वेळा सेव्ह केलं. बॅकअपमधूनही ती अकरा माणसं उठून गेली होती.

मग मामांच्या पुतण्यानं विंडोजला विचारलं. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, प्रीव्हियस व्हर्जन्स. यादी रिकामी.

ती रिकामी का, हे सांगण्यासारखं आहे. या सोयीमागे शॅडो कॉपी नावाची यंत्रणा असते. विंडोज सर्व्हर 2003 मध्ये ती फाइलींच्या जुन्या रूपांसाठी आली, विंडोज व्हिस्टापासून टेबलावरच्या संगणकांत. युक्ती साधी आहे. डिस्कचा एखादा तुकडा बदलायची वेळ आली, की तिथलं जुनं आधी उचलून बाजूला ठेवायचं आणि मग नवं लिहायचं. अख्ख्या डिस्कची नक्कल नाही, फक्त बदललेल्या तुकड्यांची. म्हणून जागा थोडी लागते. पण ही राखण ज्या ड्राइव्हवर चालू असेल तिथंच. असली तर बहुधा सी ड्राइव्हवर असते. आणि डीटीपीवाल्यांची कामं कुठं असतात? डी ड्राइव्हला. फॉरमॅट मारायची वेळ आली तर सी पुसला जातो, म्हणून जपून डीमध्ये ठेवलेली!

1977 साली आलेल्या व्हॅक्स संगणकाची व्हीएमएस प्रणाली जास्त समजूतदार होती. सेव्ह केलं की जुनी फाइल जागेवर राहायची, नवीला पुढचा आकडा लागायचा. जुन्या काढायच्या तर वेगळा हुकूम द्यावा लागे. तिथं विसरायला कष्ट पडत. आपल्याकडं आठवायला पडतात.

(पडद्यावर: मोबाइलवर वर सरकत जाणारे फोटो.)

नावं अखेर सापडली ती नवऱ्या मुलाच्या आत्याच्या मोबाइलात. पहिल्या प्रुफाचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला होता. बाकीच्यांनी केव्हाच साफसफाई केलेली. आत्या काही डिलीट करत नाहीत. सुप्रभातच्या गुलाबांखाली बेचाळीस नावं शाबूत. मामांनी ती बघून बघून पुन्हा टाइप केली.

मामांचे वडील खिळ्यांच्या छापखान्यात कंपोझिटर होते, अक्षरांचे खिळे जुळवायचे. छपाई झाली की खिळे सुटे करून आपापल्या खणात परत. जुनी पत्रिका उरायची ती प्रुफाच्या कागदावरच. आत्यांच्या मोबाइलनं त्या दिवशी तेच काम केलं.

एवढी वर्षं धंद्यात असून मामांकडं बॅकअपची डिस्क नव्हती का? होती. टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी. पाणी तिच्याही वर बारा फुटांहून जास्त चढलं. व्हीनस कॉर्नरला बोटी चालल्या. मामांनी संगणक माळ्यावर टाकला, खणाची आठवण रात्री घरी गेल्यावर झाली. डिस्क गेली ती गेली. संगणक वाचला होता, त्यामुळे दुसरी घ्यायची निकड कधी वाटलीच नाही.

आता घेतलीय. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, फाइल हिस्टरी म्हणून सोय आहे. दुसऱ्या डिस्कवर ती दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत ठेवते आणि आधीच्या प्रतींना हात लावत नाही. पण आपण होऊन ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असेच फोल्डर बघते. डीमधला कामाचा फोल्डर पुतण्यानं विंडोजच्या 'लायब्ररी' नावाच्या यादीत घातला, तेव्हा कुठं पत्रिका तिच्या नजरेत आल्या. तोच फोल्डर त्यानं गूगल ड्राइव्हलाही जोडलाय. तिथं कोरलच्या फाइलीची जुनी रूपं तीस दिवस किंवा शंभरपर्यंत टिकतात. लग्न उरकेपर्यंत पुरतं.

मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी आहे: 'रिस्टोअर दाबू नका. आधी उघडून बघा.' रिस्टोअर दाबलं की जुनी फाइल आजच्या फाइलीच्या उरावर बसते. मग आजची शोधत बसा.

(पडद्यावर: संध्याकाळ. शटर खाली येतंय.)

दुकान बंद करताना मामा डिस्कची वायर काढतात. रिकाम्या जेवणाच्या डब्याशेजारी, त्याच पिशवीत डिस्क. पिशवी रोज कळंब्याला घरी जाते. तिथं पाणी येत नाही.

शटर अर्ध्यावर असतानाच कुणीतरी वाकून आत बघतं.

"मामा, ते नवरीचं नाव जरा मोठं करता का?"

पिशवीतून डिस्क पुन्हा बाहेर.