मानेवरचा काळा पट्टा, पोटातला जंतू आणि मुलाचं लिव्हर

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात इथे इंदुरात, राजवाड्याकडच्या एक ताई अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. हातात दोन रिपोर्ट. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’, रक्ताच्या तपासणीत ‘एच. पायलोरी’ ह्या जठरातल्या जंतूसाठी ‘पॉझिटिव्ह’. बसायच्या आतच म्हणाल्या, "डॉक्टर, ह्या जंतूनंच लिव्हर बिघडवलं ना? गोळ्या लिहून द्या."

मी आधी मुलाची मान बघितली. मागे काळसर, मखमलीसारखा जाडसर पट्टा. "मळ आहे हो, रोज उटणं लावून घासते, जातच नाही." ताई, तो मळ नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की मानेवर, काखेत कातडी अशी काळवंडते. लिव्हरमध्ये चरबी साठण्यामागेही बऱ्याचदा हेच असतं. त्या पोराची मान घासून लाल झाली होती हो. घासू नका.

आता जंतू. जठरातल्या आम्लात सहसा कुणी टिकत नाही. हा युरियापासून अमोनिया बनवतो, त्यानं भोवतालचं आम्ल मरतं आणि हा तग धरतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हे जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरेन यांना नोबेल मिळालं.

हा शिरतो बहुतेकदा लहानपणीच, घरातल्या घरात. आपण फ्रॉकच्या टोकात पेरू धरून चिमणीच्या दातांनी तोडायचो, म्हणजे उष्टा होत नाही म्हणे! जंतूला तो कपडा अडवत नाही. पण मला जास्त काळजी वाटते ती घास आपल्या तोंडात मऊ करून बाळाला भरवण्याची. आज्यांनो, मायेनं करता, ठाऊक आहे मला. हातानं कुस्करून भरवा. आणि नर्मदेचं पाणी साठवता तो हौद झाकलेला ठेवा, माठात हात न बुडवता लांब दांड्याच्या ओगराळ्यानं पाणी घ्या.

मग लिव्हरशी नातं काय? आतड्यातलं रक्त आधी लिव्हरमध्ये जातं, म्हणून संशय आहे. काही अभ्यासांत दोन्ही एकत्र दिसलेही. पण जंतू मारला म्हणून मुलाचं फॅटी लिव्हर बरं होतं, हे सिद्ध झालेलं नाही. नुसत्या लिव्हरसाठी मी लेकराला अँटिबायोटिक देणार नाही. शिवाय रक्तातल्या अँटिबॉडी, म्हणजे जंतूशी लढायला शरीरानं बनवलेली प्रथिनं, जुन्या संसर्गाच्याही असू शकतात, त्यावर मुलांत उपचार ठरवत नाहीत. काळी शी, रक्ताची उलटी, वजन घटणं, लोहाच्या औषधानं न हटणारा अ‍ॅनिमिया, असं काही असेल तर दुर्बिणीनं तपासावं लागतं. औषध सुरू झालं तर साधारण १४ दिवस, एकही डोस न चुकवता. संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शीची तपासणी.

लिव्हरचा इलाज इथे आहे. (ग्लास दाखवत) २५० मिली कोल्ड्रिंक, त्यात साधारण पाच चमचे साखर. हा मुलगा रोज दोन प्यायचा. ते बंद, रोज तासभर मैदानात खेळ, आणि तीन महिन्यांनी पुन्हा एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी.

जाताना त्यानं हळूच विचारलं, "सराफ्यातली जिलबी?" म्हटलं, महिन्यातून एकदा, आईबरोबर अर्धी अर्धी. आणि घरापासून चालत जायचं.