पडद्यापलीकडे उत्तर देणारे माणूस हवे

सन्माननीय अध्यक्ष, मंडळाचे कार्यकर्ते आणि इथे जमलेले पालक व आजी-आजोबा,

मुलांच्या बोलण्याला आणि भाषेला उपयोगी पडतील असे ऑनलाइन खेळ कोणते, हा प्रश्न बालवर्गात मला जवळपास दर आठवड्याला विचारला जातो, आणि त्यावर मी आधी एकच गोष्ट विचारते: खेळ चालू असताना तुमचे मूल किती वेळा बोलते?

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. बालवर्ग ऑनलाइन सुरू केला तेव्हा शब्द ऐकून चित्र निवडण्याचा एक खेळ मी हौसेने आणला होता. मुले रमली, गुण भराभर वाढले, आणि तास संपता संपता माझ्या लक्षात आले की एवढ्या वेळात एकाही मुलाच्या तोंडून मराठी शब्द बाहेर पडलेला नाही. ‘मांजर’ ऐकून मांजरावर बोट ठेवणे ही ओळख झाली. तोच शब्द आपला आपण आठवून वाक्यात बसवणे ही निराळी मेहनत आहे, आणि बोलणे येते ते त्या मेहनतीतून.

पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजीभाषक घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांना बारा वेळा मँडरिन ऐकवली होती. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ती ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतील ध्वनींचा फरक कळू लागला, चित्रफितीवरून ऐकलेल्यांना मात्र कळला नाही. पुढे २०१४ मधल्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांची मुले व्हिडिओ कॉलवर नवी क्रियापदे प्रत्यक्ष भेटीइतकीच चांगली शिकली, पण आधी चित्रित करून ठेवलेल्या बोलण्यातून शिकली नाहीत. दोन्हीकडे पडदा होताच. कॉलवरचे माणूस मुलाकडे पाहून, त्याच्या बोलण्याला धरून उत्तर देत होते, एवढाच फरक. दूर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांसाठी मला यात फार मोठा दिलासा वाटतो.

म्हणून माझ्या यादीत पहिला खेळ कोणत्याही अ‍ॅपमधला नाही. आजीने कॉलवर कापडी पिशवीत घरातली एक वस्तू लपवायची आणि नातवाने प्रश्न विचारून ती ओळखायची. ‘ती लाकडाची आहे का?’, ‘ती मोठा आहे का?’ असे प्रश्न येऊ लागतात. इथे ‘मोठा नाही, मोठी म्हण’ असे टोकण्याचा मोह आवरावा आणि ‘नाही रे, मोठी नाही, छोटीशी आहे ती’ असे सहज उत्तर द्यावे. बरोबर रूप कानावर पडते आणि खेळही मोडत नाही. पिशवीतून शेवटी वाटी निघते. पुढच्या वेळी चमचा, मग ताट. तो, ती, ते ही आपली तीन लिंगे पाठ करून घेण्यापेक्षा मुलांना अशी पुष्कळ लवकर अंगवळणी पडतात, हा माझा अनुभव आहे. एक पथ्य मात्र पाळायचे: मूल अडखळले तर मनातल्या मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहायचे. आपण मोठी माणसे शब्द पुरवण्याची फार घाई करतो.

उच्चारांसाठी फोनवरचा ध्वनिमुद्रक पुरेसा आहे. वात आणि वाट, काल आणि काळ, पाट आणि पाठ अशा जोड्या मुलाने बोलायच्या, मग आपलाच आवाज ऐकून कोणता शब्द होता ते सांगायचे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’ मधला फरक कळतो, पण तो कानावर पडत नसल्याने वर्षाच्या आसपास ही जाण मंदावते. आपल्या मुलांचा ‘ट’ ‘त’कडे झुकतो तो आळसाने नव्हे, त्यांच्या कानांना तो पुरेसा मिळालेला नसतो.

तयार खेळ निवडताना तो मध्येच थांबवता येतो का, हे मी पाहते. थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारता आले पाहिजे. चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पडद्यासमोर बसण्याची मर्यादा दिवसाला एक तास ठेवली आहे आणि दोन वर्षांच्या आतल्यांसाठी तोही सुचवलेला नाही, हे कृपया लक्षात ठेवा.

आणखी एक कळकळीची विनंती. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर खेळांवर विसंबून थांबू नका. त्याची श्रवणचाचणी करून घ्या आणि वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटा. त्याचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मोजा, आणि दोन भाषांमुळे बोलणे लांबते या समजापोटी घरातले मराठी बंद करू नका, कारण तसे होत नाही.

बालवर्गात आज कॉलवर खेळायला तयार असलेल्या आजी-आजोबांची मला गरज आहे. ज्यांच्याकडे आठवड्यातली पंधरा मिनिटे आहेत, त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नाव द्यावे. पिशवीत काय लपवायचे ते आपण मिळून ठरवू.