पोटातले पाणी आणि मानेची शीर

श्रोतेहो, नमस्कार.

तासगावकडच्या द्राक्षबागेत छाटणीचे काम करणारा पंचविशीतला एक तरुण काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला होता. पोटात पाणी होऊन ते तट्ट फुगलेले, घोट्यांवर सूज आणि डोळ्यांत किंचित पिवळी झाक होती. त्याने दारूला कधी स्पर्शही केला नव्हता. तरी ‘लिव्हर गेलंय, पीत असणार’ अशी कुजबुज गावात वर्षभर चालली होती आणि घरच्यांनी काविळीचा झाडपालाही देऊन पाहिला होता. तो ताठ बसलेला असतानाही त्याच्या मानेची शीर जबड्यापर्यंत फुगलेली दिसत होती, आणि श्वास आत घेताना ती उतरण्याऐवजी आणखी वर चढत होती. आजाराचे मूळ यकृतात नव्हतेच. हृदयाभोवतीचे आवरण जुन्या क्षयरोगामुळे जाड व कडक होऊन हृदय जखडले गेले होते.

हृदय बाहेर टाकते त्यातले सुमारे पाव रक्त यकृतातून फिरते आणि तिथून मोठ्या शिरेवाटे लगेच हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोहोचते. आयर्विन पुलाखाली कृष्णा चढली की नाल्यांचे पाणी नदीत जायचे थांबते आणि उलटे वस्तीत शिरते, हे सांगलीकरांना २०१९ च्या पुरानंतर वेगळे सांगायला नको. उजव्या हृदयातला दाब वाढला की यकृताचेही असेच होते. रक्त तुंबते, यकृत सुजते आणि उजव्या बरगडीखाली जड दुखू लागते. पुरणात किसून घालतो ते जायफळ मधोमध कापले की आत गडद आणि फिकट नक्षी दिसते. तुंबलेल्या यकृताचा छेद तसाच दिसतो, म्हणून वैद्यकात त्याला जायफळी यकृतच म्हणतात. हे तुंबणे वर्षानुवर्षे राहिले, तर पेशींच्या जागी व्रणासारखे धागे तयार होतात आणि अखेर सिरोसिस होतो, म्हणजे यकृत कडक आणि गाठाळ होते.

तरुण वयात याची कारणे अनेक आहेत. लहानपणी घसा दुखून आलेल्या संधिवाताच्या तापाने अरुंद झालेली हृदयाची झडप हे आपल्याकडचे जुने कारण. बाळंतपणाच्या सुमारास काही स्त्रियांचे हृदय अशक्त होते. तेव्हाची पायांची सूज आणि लागणारा दम ‘बाळंतपणाचा थकवा’ म्हणून सोडून दिला जातो, याचे मला फार वाईट वाटते. दारू तर हृदयाचा स्नायू आणि यकृत या दोन्हींना एकाच वेळी पोखरते. उलट दिशेनेही हे नाते चालते: लठ्ठपणा आणि मधुमेहातून यकृतावर चरबी साठलेल्यांचे मृत्यू बहुधा यकृताने नव्हे, तर हृदयविकाराने होतात.

म्हणून पोटात पाणी झालेल्या तरुणाच्या नातेवाइकांना माझी कळकळीची विनंती आहे, की सोनोग्राफी आणि काविळीच्या तपासण्यांबरोबर हृदयाची टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. आडवे झाल्यावर दम लागतो का, उशीला उशी जोडावी लागते का, आठवड्यात दोन किलो वजन वाढले का, हेही सांगावे. अंगदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांतल्या अनेक गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात.

त्या तरुणाचे कडक झालेले आवरण शस्त्रक्रियेने काढले. पोट हळूहळू उतरले आणि पुढच्या ऑक्टोबरच्या फळछाटणीला तो बागेत उभा होता. यकृतावरचे व्रण मात्र पूर्ण गेलेले नाहीत, त्यामुळे तो आजही दर सहा महिन्यांनी तपासणीला येतो.