कारण लेखी द्या

श्रोतेहो, नमस्कार.

नागपूर महापालिकेने काही वर्षांपूर्वी आपल्या सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. झाडूवाली बाई नेमून दिलेल्या रस्त्यावर आली का, किती वेळ थांबली, हद्द सोडून कुठे गेली का, हे सगळं कार्यालयातल्या पडद्यावर दिसायचं. हद्द सोडली की पगाराला कात्री. बॅटरी उतरली, रेंज गेली, तरी खुलासा द्यायचा कामगारानेच. देशात अशी घड्याळं आली त्या शहरांतल्या काही बायकांनी एक धास्ती बोलून दाखवली आहे: हे आपल्याला बघतं का, ऐकतं का, संडासात जाताना काढून ठेवावं का?

शहरात यावर फार काही बोलणं झालं नाही. 'बरं झालं, कामचुकारांना चाप बसला' एवढंच. चाप बसायला माझी हरकत नाही. पण टेंडर काढणाऱ्या, फायली दाबून ठेवणाऱ्या साहेबांच्या मनगटावर असं घड्याळ कधी कोणी पाहिलं? कामचुकारपणा काय झाडूच्या दांड्यालाच चिकटलेला असतो?

व्यक्तीचं स्वातंत्र्य आणि सरकारचा लांबत चाललेला हात, हा आजचा विषय. सुरुवात घड्याळापासून केली, कारण हा हात पहिल्यांदा कोणापर्यंत पोचतो हे त्यात स्वच्छ दिसतं. ज्याच्या बाजूने कोणी बोलणार नाही, त्याच्यापर्यंत. झाडूवाली, झोपडपट्टीतला माणूस, दंगलीतला आरोपी, ज्याचे विचार ऐकून आपल्या कपाळावर आठी पडते असा प्राध्यापक. तेव्हा आपण गप्प बसतो, कधी टाळीही वाजवतो. आणि कोणी शंका काढलीच, तर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर तयार असतं: 'आपल्या मनात पाप नाही ना बाप्पा, मंग भ्यायचं काऊन?'

या 'काऊन'चं उत्तर आपल्या नागपूरच्याच इतिहासात आहे. १९२३ साली काँग्रेसचे स्वयंसेवक तिरंगी झेंडा घेऊन निघाले. तो झेंडा सिव्हिल लाइन्समध्ये नेऊ नये, असा हुकूम जिल्हा मॅजिस्ट्रेटने काढला. गोऱ्या साहेबांची वस्ती होती ती. कलम होतं १४४. मनात पाप कोणाच्याच नव्हतं, हातात काठीला लावलेलं कापड होतं. १ मेपासून सत्याग्रह सुरू झाला, आधी जमनालाल बजाज आणि त्यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल यांनी तो चालवला. देशभरातून तरुण नागपूरला येत आणि थेट तुरुंगात जात. दीड हजारांवर लोक आत गेले. अखेर १८ ऑगस्टला झेंडा सिव्हिल लाइन्समधून गेला. आज त्याच सिव्हिल लाइन्समध्ये विधानभवन आहे, हायकोर्ट आहे, महापालिका आहे, आकाशवाणीही आहे.

गोरे गेले, कलम राहिलं. १ जुलै २०२४ पासून त्याचा नंबर तेवढा बदलला, आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. मार्च २०२५ मध्ये महाल आणि हंसापुरीत दगडफेक, जाळपोळ झाली, पोलीस जखमी झाले, आणि याच कलमाखाली कोतवाली, तहसील, पाचपावली, यशोधरानगर अशा कितीतरी ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. ती लावायला नको होती असं मी म्हणणार नाही. त्या रात्री पोलिसांच्या जागी मी असतो तर मीही लावली असती. प्रश्न त्यानंतरचा आहे. असा आदेश दोन महिन्यांच्या वर चालत नाही, राज्य सरकारने वाढवला तरच पुढे जातो. आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मध्ये बजावलं आहे की असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, त्यात कारणं दिलीच पाहिजेत आणि रास्त मतभेद दडपायला हे कलम वापरता येणार नाही. आदेश हातात असेल तरच त्याच्याविरुद्ध कोर्टात जाता येतं, इतका साधा हिशेब आहे.

त्याच दंगलीनंतर जे झालं, त्यावर जरा थांबू या.

१७ मार्चची दंगल. २४ मार्चला महापालिकेचं बुलडोझर एका मुख्य आरोपीच्या घरी पोचलं. बांधकाम बेकायदा आहे, नकाशा मंजूर नाही, हे महापालिकेचं म्हणणं. असेलही. नागपुरात नकाशाबाहेर बांधलेल्या घरांची यादी काढायला बसलो तर हे भाषण संपायचं नाही, आणि त्यातली बरीच घरं तुमच्या-माझ्या ओळखीच्यांची निघतील. मग नेमकं हेच घर, याच आठवड्यात का? त्यात घर आरोपीच्या नावावर नव्हतं, त्याच्या आईच्या नावावर होतं. प्रकरण तातडीने नागपूर खंडपीठापुढे गेलं, कोर्टाने त्याच दिवशी पाडापाडीला स्थगिती दिली, सुनावणीची संधीच दिली नाही म्हणून महापालिकेला फटकारलं. पण स्थगितीचा आदेश पोचेपर्यंत ते घर पडलेलं होतं. महालमधल्या दुसऱ्या एकाच्या घरावरची कारवाई तेवढी थांबली.

आता पुढचं ऐका. या पाडापाडीच्या जेमतेम चार महिने आधी, १३ नोव्हेंबर २०२४ ला, सुप्रीम कोर्टाने नेमका याच विषयावर निकाल दिला होता. किमान पंधरा दिवसांची नोटीस, तीही रजिस्टर्ड पोस्टाने आणि घरावर चिकटवून. बाजू मांडायची संधी. पाडण्याच्या कामाचं चित्रीकरण. हे न पाळता घर पाडलं तर भरपाई त्या अधिकाऱ्याच्या खिशातून. रस्ता, फुटपाथ, नदी-नाल्यावरचं अतिक्रमण यातून वगळलेलं आहे, म्हणजे शहर मोकळं ठेवायला कोर्टाने कुठेच मनाई केलेली नाही. हा निकाल लिहिला न्यायमूर्ती भूषण गवई यांनी. अमरावतीचे गवई, ज्यांची वकिली याच नागपूर खंडपीठात गेली, जे इथे सरकारी वकील होते. आणि ज्या शहरात त्यांनी वकिली केली त्याच शहराच्या, म्हणजे आपल्या महापालिकेने एप्रिलमध्ये हायकोर्टात प्रतिज्ञापत्र देऊन बिनशर्त माफी मागितली: सुप्रीम कोर्टाच्या या निर्देशांची आम्हाला कल्पना नव्हती, राज्य सरकारचं परिपत्रक आलं नव्हतं.

परिपत्रक आलं नव्हतं! सामान्य माणसाला 'कायदा माहीत नव्हता' हा बचाव मिळत नाही. टॅक्स भरायला एक दिवस उशीर झाला तर दंड लागतो, तिथे परिपत्रक आलं होतं का असं कोणी विचारत नाही. आणि हेही ध्यानात घ्या की त्या वेळी महापालिकेत नगरसेवकच नव्हते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक कारभार बघत होते. रात्री दार ठोठावून 'भाऊ, जरा येता का' म्हणावं असा वॉर्डाचा माणूसही उरला नव्हता.

मला कोणी म्हणेल, दंगलखोरांची बाजू घेता? नाही. दंगल केली असेल तर तुरुंगात घाला, पुरावा द्या, शिक्षा करा. पण शिक्षा कोर्ट देईल. तो अधिकार बुलडोझरच्या ड्रायव्हरच्या हाती गेला, की उद्या तुमच्या गच्चीवरची वाढीव खोली कोणाला खुपेल ते सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट याहून लांबली. वर्धा रोडवरच्या आपल्या मध्यवर्ती कारागृहात प्राध्यापक जी. एन. साईबाबा अंडा सेलमध्ये, म्हणजे एकांत कोठडीत होते. नव्वद टक्के अपंग, व्हीलचेअरवर. माओवाद्यांशी संबंधाचा आरोप, यूएपीए म्हणजे बेकायदा कारवायांना प्रतिबंध करणारा कायदा, मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाकडून जन्मठेप. १४ ऑक्टोबर २०२२ ला नागपूर खंडपीठाने त्यांना आणि इतरांना सोडलं. मुद्दा असा की यूएपीएखाली खटला चालवण्याआधी सरकारची मंजुरी लागते, आणि ती कायद्याला धरून घेतलेली नव्हती. दुसऱ्याच दिवशी, शनिवार असूनही, सुप्रीम कोर्टाने बसून त्या निकालाला स्थगिती दिली. प्रकरण परत नागपूरला आलं. ५ मार्च २०२४ ला इथल्याच दुसऱ्या न्यायाधीशांच्या पीठाने पुन्हा निर्दोष सोडलं, या वेळी पुराव्यावरही बोट ठेवून. तोवर एक आरोपी कैदेतच वारला होता. साईबाबा बाहेर आले आणि त्याच ऑक्टोबरमध्ये गेले.

पहिल्या निकालानंतर सीताबर्डीपासून टीव्हीच्या स्टुडिओपर्यंत एकच सूर होता: 'तांत्रिक मुद्द्यावर सुटला.' अहो, जो कायदा माणसाला जामिनाशिवाय वर्षानुवर्षं आत ठेवू शकतो, त्यात सरकारवर असलेला एवढाच तर लगाम! आधी एका तटस्थ माणसाने कागद तपासावेत, मग मंजुरी द्यावी. ती पायरी चुकवून माणूस आत टाकला, तर पुढची सगळी वर्षं बेकायदा ठरतात. साईबाबांचं राजकारण तुम्हाला पटो न पटो. मला स्वतःला बंदुकीचं राजकारण अजिबात पटत नाही. त्याने या हिशेबात एका पैशाचाही फरक पडत नाही.

कागद आणि कोर्ट दोन्ही बाजूला सारले की काय होतं, ते आणीबाणीत देशाने पाहिलं. मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय आत ठेवणाऱ्या कायद्याखाली, पकडलेल्यांना आपली अटक बेकायदा आहे हे सांगायला कोर्टात जाता येतं, असं तेव्हा अनेक हायकोर्टांनी म्हटलं, त्यात आपलं नागपूर खंडपीठ होतं. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक अशा मतांनी ती दारं बंद केली. तो एक म्हणजे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. त्याची किंमत त्यांना सरन्यायाधीशपद गमावून मोजावी लागली. ती चूक कोर्टाने स्पष्ट शब्दांत पुसली ती थेट २४ ऑगस्ट २०१७ ला, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं तेव्हा. त्या नवांत आपले नागपूरचे शरद बोबडे होते. एकेचाळीस वर्षं लागली. तुरुंगात बसलेल्याने एवढी वाट बघायची?

म्हणून नवा कायदा येतो तेव्हाच तो वाचायला हवा. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्याच हिवाळी अधिवेशनात जनसुरक्षा विधेयक मांडलं गेलं, जुलै २०२५ मध्ये मुंबईत दोन्ही सभागृहांत ते मंजूर झालं. मधल्या काळात लोकांच्या हजारो सूचना आल्या, समितीने काही बदलही केले, उद्देशात कडव्या डाव्या संघटनांचा उल्लेख आला. सरकार म्हणतं, शहरातल्या नक्षलवादाला आळा घालायचा आहे. गडचिरोलीत ज्यांची माणसं मेली त्यांच्यासमोर बसून हा हेतू खोटा आहे असं मी म्हणू शकणार नाही. पण मांडलेल्या मसुद्यात बेकायदा कृत्याची व्याख्या वाचली तर प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं हेही त्यात बसतं. जमनालालजींनी १९२३ ला सिव्हिल लाइन्सच्या तोंडाशी दुसरं काय केलं होतं?

चौकाचौकांतल्या कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. शहरात साडेतीन हजारांवर कॅमेरे आहेत. साखळीचोर सापडतो, अपघात करून पळालेली गाडी सापडते, हे मान्य. राज्य पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम करणारी 'मार्व्हल' ही सरकारी कंपनीही २०२४ मध्ये नागपुरातच सुरू झाली. यंत्रं येणार. माझं म्हणणं एवढंच की टिपलेलं चित्र किती दिवस ठेवता, कोण बघतं आणि बघितल्याची नोंद कुठे होते, हे उघड हवं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा दुकानदाराला, ॲपवाल्याला बांधतो, पण आपल्या यंत्रणांना त्यातून सूट द्यायची मुभा केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवली आहे.

आणि सगळं खापर सरकारवर फोडायला नको. आपल्या फ्लॅट स्कीममध्ये काय चालतं बघा. घरकामाला येणाऱ्या बाईचा गेटवर फोटो, आधारची झेरॉक्स, जाताना पिशवी उघडून दाखवायची. मोबाइलच्या सिमकार्डासाठी आणि बँक खात्यासाठी आधार जोडायची सक्ती सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्ये मोडीत काढली. इथे मात्र सोसायटीचे सेक्रेटरी आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा वॉचमनच्या टेबलाच्या खणात ठेवतात. बाईने कधी विचारलं की माझा कागद कशाला हवा, तर 'नियम आहे' म्हणून तिला वाटेला लावतात. तो नियम कुठल्या सभेत ठरला, कुठे लिहिला आहे, हे एकाही सभासदाला सांगता येत नाही.

तर पुढच्या वेळी कोणी अधिकारी दारात आला, त्याने काही मागितलं, काही बंद केलं, काही पाडायला निघाला, तर आवाज न चढवता एक वाक्य म्हणा: साहेब, कारण लेखी द्या. अटक होत असेल तर ती कारणं माणसाला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायची असतात, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं. तोही निकाल गवई सरन्यायाधीश असताना त्यांच्याच पीठाचा.

आणि तोंडी उत्तरावर भागत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. कोणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. विचारायला सोपे प्रश्न आहेत: माझ्या चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्रण किती दिवस ठेवलं जातं? सफाई कामगारांच्या घड्याळांचा करार कोणाशी, कितीचा, आणि गोळा झालेली माहिती आता कुठे आहे? १३ नोव्हेंबर २०२४ नंतर शहरात किती बांधकामं पाडली आणि त्यांतल्या किती जणांना पंधरा दिवसांची नोटीस होती? अर्ज महापालिकेच्या सिव्हिल लाइन्समधल्या मुख्य कार्यालयात स्वीकारतात. पोच घ्यायला विसरू नका, तिच्यावर शिक्का आणि तारीख बघून घ्या.

नमस्कार.