गाडी कुठल्या मीटरवर चालते?

मंडळी, इलेक्ट्रिक गाडी बघायला शोरूममध्ये गेलात की तिथला मुलगा पहिलं वाक्य हेच टाकतो, "काका, किलोमीटरला एक रुपया!" मलाही हेच सांगितलं होतं. माझी सगळी नोकरी विजेच्या खात्यात गेली, त्यामुळे मी विचारलं, "कुठल्या पायरीच्या युनिटने?" त्याला प्रश्नच कळला नाही. त्याने मला ब्रोशर दिलं. आज मी त्या प्रश्नावरच बोलणार आहे.

घरगुती वीजबिलात युनिटला एकच दर नसतो, पायऱ्या असतात. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि त्यापुढे १६.६४ होते. प्रत्येक युनिटवर १.१७ रुपये वहन आकार, आणि वर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, पण आज हिशेबाला हेच धरू. आता पहिले शंभर स्वस्त युनिट कोण खातं? फ्रिज, पंखे, टीव्ही, मिक्सर. गाडी पंगतीला सगळ्यात शेवटी येऊन बसते, तिच्या पानात वरच्या पायरीचीच वीज पडते. त्यामुळे बिलाची रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर काढून गाडीला लावू नका. गाडी आल्यावर जे युनिट वाढले, तेच तिचे.

माझं उदाहरण घ्या. घरचा वापर महिन्याला १८० युनिट. गाडी महिन्याला हजार किलोमीटर फिरते. भिंतीतल्या प्लगमधून निघालेल्या एका युनिटवर ती शहरात साधारण सहा किलोमीटर जाते. डॅशबोर्ड सात सांगतो, पण तो बॅटरीत पोचलेली वीज मोजतो. चार्ज करताना दहा-पंधरा टक्के उष्णतेत जाते आणि बिल तुम्हाला भिंतीचं येतं! म्हणजे गाडीचे १६५ युनिट. त्यातले १२० दुसऱ्या पायरीवर, शुल्कासकट १३.३० रुपयांनी, आणि ४५ तिसऱ्या पायरीवर, १८.२० ने. बेरीज सुमारे २,४००. किलोमीटरला दोन रुपये चाळीस पैसे. ज्यांच्या घरी दोन एसी आहेत आणि बिल आधीच ५०० युनिटच्या वर आहे, त्यांना हीच गाडी साडेतीन रुपयांच्या जवळ पडते.

आता पेट्रोल. पुण्यात लिटरला १०४ रुपये धरा, शहरात चौदाचं ॲव्हरेज. किलोमीटरला साधारण ७.४० रुपये. एक रुपयाचं आश्वासन खोटं निघालं, तरी सामना एकतर्फीच आहे. का, ते थोडक्यात सांगतो. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळजवळ नऊ युनिट ऊर्जा असते, पण इंजिन त्यातला चौथा हिस्सा, फार तर थोडा जास्त, चाकापर्यंत पोचवतं. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत जाते. नळ स्टॉपच्या सिग्नलला उभे असताना इंजिन चालूच असतं. मोटर थांबली की थांबली, आणि ब्रेक दाबला की थोडी वीज परतही करते.

म्हणूनच गाव सोडलं की चित्र पालटतं. हायवेवर पेट्रोल गाडी अठरापर्यंत जाते, म्हणजे पावणेसहा रुपये. इलेक्ट्रिक गाडी मात्र शंभरच्या वेगाला हवा कापताना जास्त वीज खाते, आणि वाटेतला फास्ट चार्जर युनिटला वीस रुपये घेत असेल तर वर १८ टक्के जीएसटी. किलोमीटरला चार रुपये कुठेच गेले नाहीत. फरक राहिला पावणेदोन रुपयांचा, आणि चार्जरपाशी रांग असेल तर वडापाव खाऊन तोही संपतो. मुंबईला जाणाऱ्यांना मात्र सरकारने हात दिलाय. राज्याच्या २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक कारला द्रुतगती मार्गावर टोलमाफी आहे, आणि त्या रस्त्याचा कारचा एका बाजूचा टोल ३२० रुपये. महिन्यातून चार फेऱ्या करणाऱ्याचा हिशेब विजेपेक्षा टोलच बदलून टाकतो.

मेंटेनन्सचं फार सांगत नाही. ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, स्पार्क प्लग नाहीत. ब्रेक पॅड जास्त टिकतात. टायर मात्र लवकर झिजतात, कारण बॅटरीमुळे गाडी जड असते. थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सूट आहे, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा महाग पडतो, कारण गाडीची किंमतच जास्त.

इथे एक ताई मघापासून हात वर करून आहेत. विचारा. "आम्ही दोघंच, महिन्याला तीनशे किलोमीटर. घेऊ का?" ताई, या कारणासाठी घेऊ नका. तुमची महिन्याची बचत पंधराशे-सोळाशे. गाडीच्या किमतीतला फरक तीन लाख धरला तर तो फिटायला सोळा वर्षं लागतील. बॅटरीची वॉरंटी बहुतेक ठिकाणी आठ वर्षांची असते. दीड हजार किलोमीटर फिरणाऱ्याचा तोच फरक साडेतीन वर्षांत निघतो. आवाज नको, धूर नको म्हणून घ्यायची असेल तर खुशाल घ्या, पण मग बचतीचं नाव काढू नका.

ज्यांना खूप फिरायचंय, त्यांनी गाडीआधी मीटरचा विचार करावा. चार्जिंगसाठी वीजदराचा स्वतंत्र वर्ग आहे, त्यात पायऱ्या नाहीत. स्थिर आकार मोजूनही युनिट नऊ रुपयांना पडलं, तर किलोमीटर दीड रुपयावर येतं. अडचण विजेची नसते, सोसायटीची असते. आमच्याकडे मीटर रूमपासून माझ्या पार्किंगपर्यंत साठ मीटर केबल ओढायची होती. चार सभा झाल्या. एका सदस्याला वाटत होतं की माझी गाडी लिफ्टची वीज ओढून घेईल. लिफ्टचं मीटर वेगळं आहे हे मी कागदावर काढून दाखवलं, तेव्हा कुठे सही झाली. त्या केबलचा खर्चही हिशेबात धरायचा, तो शोरूममधला मुलगा सांगत नाही.

ज्यांना आपलं गणित माझ्याकडून करून हवं असेल, त्यांनी पुढच्या रविवारी वीजबिल घेऊन या. जानेवारीचं नको, मे महिन्याचं आणा.