पडद्याची हाक

श्रोतेहो, नमस्कार.

सातव्या महिन्यात झालेलं बाळ. वजन जेमतेम 1200 ग्रॅम. तीन-चार आठवडे काचेच्या पेटीत काढून आता कुठे दूध ओढायला लागलेलं. अशा वेळी आम्ही डोळ्यांचे डॉक्टर तिथे जातो आणि बाळाचे डोळे तपासायचे म्हणतो. आजी हमखास विचारते, "अहो डॉक्टर, त्यालाच अजून धड दिसत नाही, तुम्ही त्याच्या डोळ्यांत काय बघणार?"

बघायच्या असतात डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या. कुठवर पोचल्यात, आणि मध्येच अडल्या आहेत का.

रक्तवाहिनी मागितल्याशिवाय वाढत नाही. मोठ्या माणसात तर वाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी वर्षानुवर्षं स्वस्थ बसून असतात. जखम भरताना, दर महिन्याला गर्भाशयाचं अस्तर नव्याने तयार होताना, गरोदरपणात, अशा मोजक्या प्रसंगी नव्या फांद्या फुटतात. त्या मागतं कोण? बहुतेक वेळा, जिला ऑक्सिजन कमी पडतोय ती पेशी.

तिची तऱ्हा मोठी मजेदार आहे. 'हिफ' नावाचं एक प्रथिन ती सतत बनवत असते, आणि ऑक्सिजन पुरेसा असला की बनवल्याबरोबर मोडीतही काढते. चिठ्ठी लिहायची नि फाडायची, दिवसरात्र हाच उद्योग! वरवर पाहता नुसती उधळपट्टी. पण गोम अशी, की चिठ्ठी फाडायलाच ऑक्सिजन लागतो. तो कमी पडला की चिठ्ठी शाबूत राहते, पेशीच्या केंद्रकात जाते, आणि तिथून दुसरं एक प्रथिन बनवायचा हुकूम सुटतो. त्याचं नाव व्हीईजीएफ. ते बाहेर झिरपतं आणि जवळच्या वाहिनीला हाक पोचते: इकडे या. ही चिठ्ठीची भानगड उलगडणाऱ्या सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन या तिघांना 2019 चं नोबेल मिळालं.

हाक ऐकून सगळ्याच पेशी धावत सुटल्या तर वाहिनी उसवायचीच. म्हणून एक पेशी पुढे होते आणि शेजारणींना थोपवून धरते. दिंडीत पताका पुढे आणि बाकीचे मागे, तसं. मागच्या पेशी नळी तयार करत येतात. रक्त पोचलं की चिठ्ठ्या पुन्हा फाटू लागतात आणि हाक विरते.

आता आपल्या बाळाकडे येऊ. डोळ्याच्या पडद्यातल्या वाहिन्या चौथ्या महिन्यात मधोमध उगवतात आणि पार कडेला पोचेपर्यंत नऊ महिने भरत येतात. आईच्या पोटात ऑक्सिजन बेताचाच असतो, त्यामुळे पडद्याची हाक चालू राहते. सातव्या महिन्यात बाळ बाहेर आलं, त्यात फुप्फुसं कच्ची म्हणून वरून ऑक्सिजन दिला, की पडदा म्हणतो, भरपूर आहे! हाक थांबते, वाहिन्या अर्ध्या वाटेत अडतात. काही आठवड्यांनी तोच पडदा मोठा होतो, कामाला लागतो, आणि कडेचा भाग उपाशीच असतो. मग तो असा टाहो फोडतो की वाहिन्या वेड्यावाकड्या, कच्च्या, डोळ्याच्या पोकळीकडे वाढतात. त्यातून रक्तस्राव होतो, व्रण धरतो, आणि तो व्रण पडद्याला ओढून सोडवतो. याला आरओपी म्हणतात, म्हणजे रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा पडद्याचा आजार.

1942 साली बोस्टनच्या डॉ. थिओडोर टेरींनी हा आजार प्रथम नोंदवला. कारण कळेना. जीवनसत्त्वांपासून उजेडापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. 1951 मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी दाखवून दिलं, की जिथे ऑक्सिजन सढळ हाताने दिला जातो तिथेच ही मुलं जास्त आहेत. तोवर जगभरात सुमारे 10 हजार मुलांची दृष्टी गेली होती, असं मानतात. यात कुणाची हयगय नव्हती, उलट काळजीच होती. मला हे फार बोचतं. पुढे ऑक्सिजन आवळला, तर अंधत्व घटलं आणि बाळं दगावू लागली. आज पायाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन क्षणाक्षणाला मोजतात, तो यासाठी.

उपाशी पडद्यातून काहीतरी झिरपत असणार, हा तर्क डोळ्यांचे डॉक्टर मायकेलसन यांनी 1948 मध्येच केला होता. ते काहीतरी म्हणजे व्हीईजीएफ. 1989 मध्ये संशोधक फेरारा यांनी ते वेगळं काढलं. कर्करोगाची गाठही वाहिन्यांना तीच हाक घालते. वाहिन्या मिळाल्या नाहीत तर गाठ एक-दोन मिलिमीटरवर अडून बसते, हे बोस्टनच्या शल्यविशारद जुडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडलं, आणि बरीच वर्षं हेटाळणी सोसली. हाक दाबणारं पहिलं कर्करोगाचं औषध, बेव्हॅसिझुमॅब, 2004 मध्ये आलं. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीला देऊन त्याने आयुष्याचे सरासरी पाचेक महिने वाढवून दिले. तेवढेच, कारण गाठ दुसऱ्या वाटा शोधते.

डोळ्यात मात्र या औषधांनी खरी कमाल केली. मधुमेहाने पडदा बिघडलेल्यांना डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं, ते याच जातीचं. बाळाला देताना मात्र हात आखडतो, कारण औषध रक्तात उतरतं, आणि त्याच्या फुप्फुसांना, मूत्रपिंडांना, मेंदूला व्हीईजीएफ हवं असतं. म्हणून लेझर अजून टिकून आहे. लेझरने आम्ही कडेचा उपाशी पडदाच जाळतो. हाक मारणाराच गप्प झाला, की मधला पडदा वाचतो.

आपल्याकडे 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे 30 दिवसांच्या आत तपासतात. फार लहान असेल तर त्याआधीच. बाळ घरी गेलं असेल, बारसं व्हायचं असेल, तरी तारीख चुकवू नका.

त्या आजींना मी म्हटलं, "वाहिन्या वाटेत आहेत, पोचायच्या आहेत अजून. दोन आठवड्यांनी पुन्हा आणा."

"म्हणजे आणखी एक खेप?"

एक नाही, चार झाल्या. दर वेळी दोन एसट्या बदलून त्या आल्या. चौथ्या खेपेला वाहिन्या कडेला टेकल्या होत्या.

नमस्कार.